दौलत, दोन काकू आणि एक गाठोडं

वाघझिरी नावाच्या गावात एक भोळा दौलत होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण ते मधूनमधून शहाण्यासारखं वागून लोकांचा विरस करायचे. दौलतने असं कधी केलं नाही. त्याला जे सांगाल ते तो करायचा, आणि जेवढं सांगाल तेवढंच करायचा. आई म्हणाली, "दुधाकडं बघ रं," की तो दुधाकडे बघायचा. दूध वर यायचं, उतू जायचं, चूल विझायची. दौलत शेवटच्या थेंबापर्यंत बघत असायचा.

अशा दौलतचं लग्न ठरलं. मुलगी शेजारच्या पिंपळदऱ्याच्या केरूनाना खिलाऱ्यांची वैजयंता. दाखवण्याच्या दिवशी ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि दौलतला म्हणाली, "पोहे घ्या." दौलतने पोहे घेतले. सगळे घेतले. एकेक बशी उचलून मांडीवर, बाजूला, पायाशी मांडली, आणि रिकामा ट्रे तिच्या हातात राहिला. केरूनानांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वैजयंता मात्र आत पळाली आणि हसूनहसून उंबऱ्यातच बसली. "बाबा," ती म्हणाली, "लग्न करीन तर यांच्याशीच."

केरूनाना लेकीपुढे नमले, पण अट घालून नमले. "पोरगं कंप्युटर शिकलं पायजे. डोक्यात थोडा उजेड पडला, तर अक्षता."

दौलतलाही वैजयंता मनापासून आवडली होती. इतकी, की तो झोपेतसुद्धा पोहे घ्यायचा. तो लगेच क्लासला जाऊ लागला.

क्लास गिरणीच्या माडीवर होता. खाली दळण, वर शिक्षण. शिकवायला तालुक्याहून फुलसुंदर सर यायचे. सरांना कंपायलर सोडून दुसऱ्या कशात रस नव्हता. समोर कोण बसलंय, त्याला त्याचा काय उपयोग, असले प्रश्न त्यांना पडत नसत.

"कंपायलर म्हणजे," सर म्हणाले, "यंत्रात बसलेला एक अतिशय प्रामाणिक माणूस. सांगितलं तेवढंच करतो. स्वतःचं डोकं चालवत नाही."

दौलतला फार बरं वाटलं. आपल्यासारखं कुणीतरी आहे, आणि त्याला नोकरीसुद्धा आहे.

"आता समजा," सर म्हणाले, "एकाच नावाची दोन फंक्शनं आहेत. फंक्शन म्हणजे काम करणारा माणूस. दोघांचं नाव एकच. आणि तुम्ही त्या नावाने हाक मारून महिरपी कंसात बांधलेली वस्तूंची यादी दिली. यादी म्हणजे गाठोडं. गाठोड्यावर लिहिलेलं नसतं ते कशाचं आहे. मग ते दोघांपैकी कुणाला द्यायचं, हे कंपायलर कसं ठरवतो?"

 खाली गिरणी घरघरत होती.

"गाठोडं उघडून बघतो! आत काय आहे त्यावरून ठरवतो," सरांनीच सांगून टाकलं.

दौलतने हे पाठ केलं. घरी येईपर्यंत तो पुटपुटत होता, "गाठोडं उघडून बघायचं. आत काय त्यावरून ठरवायचं."

दारातच आईने त्याच्या हातात गाठोडं दिलं. "जा, काकूंना देऊन ये. बिगीनं जा."

आता वाघझिरीत काकू दोन. थोरल्या काकू आणि धाकट्या काकू. सख्ख्या जावा, एकाच अंगणात समोरासमोर दारं, आणि एकमेकींशी अबोला. सगळं गाव दोघींनाही नुसतं काकू म्हणायचं. दौलत अंगणाच्या मधोमध थांबला. एक नाव, दोन काकू, हातात गाठोडं. हे तर सरांनी आजच शिकवलेलं! 

त्याने गाठोडं उघडलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण.

"तांदूळ आणि नारळ," दौलत म्हणाला. "म्हणजे स्वयंपाक. स्वयंपाक थोरल्या काकूंचा चांगला." आणि त्याने ते गाठोडं थोरल्या काकूंना दिलं.

खरं म्हणजे ती ओटी होती. धाकट्या काकू बाळंतपणाला माहेरी निघाल्या होत्या, गाडी दारात उभी होती. त्या बिचाऱ्या पदर पसरून वाट बघत राहिल्या. तिकडे थोरल्या काकूंनी नारळीभात केला. हळकुंड-सुपारी बघून त्या क्षणभर अडखळल्या, पण शेजारणीने दिलंय म्हणजे नवीन काहीतरी पद्धत असेल, म्हणून तीही भातात टाकली. थोरल्या काकांनी मोठा घास घेतला. कडकन आवाज झाला. काकांचा पुढचा दात भातात राहिला.

"आरं, डोकं हाय का खोकं?" आई कडाडली. "गाठोड्यात खण हुता न्हवं? खण दिसला की कळाया नको, ओटी हाय म्हणून?"

"खण दिसला की ओटी," दौलत म्हणाला. "कळलं."

दुसऱ्या दिवशी त्याने सरांना विचारून खात्री करून घेतली. सर खूश झाले. "बरोबर! यादीतली एक जरी वस्तू एखाद्या फंक्शनला बसत नसेल, तर ते फंक्शन बाद. मग उरेल त्यालाच द्यायचं."

"म्हणजे खण दिसला की स्वयंपाक बाद."

"कसला खण?" सर म्हणाले. पण तास संपला होता.

दुपारी आईने दौलतच्या वडिलांचं, आबांचं, जेवण बांधलं. दोन भाकरी, गाडग्यात पिठलं, ठेचा, कांदा. फडकं सापडेना, म्हणून तिने एका जुन्या खणात सगळं गुंडाळलं. "शेतावर आबास्नी नेऊन दे," ती म्हणाली. "सकाळपासनं उपाशी हायती त्ये."

दौलत निघाला. वाटेत त्याला आठवलं, गाठोडं उघडून बघायचं. त्याने बघितलं. भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा, आणि खण!

दौलत जागच्या जागी उभा राहिला. खण. म्हणजे ओटी. आणि आबा तर पुरुष! आबांची ओटी कशी भरायची? आबा बाद. मग राहिलं कोण? समोरून सरपंचीणबाई येत होत्या, नव्या रेशमी लुगड्यात, देवळात निघालेल्या.

"बाई, पदर पसरा," दौलत म्हणाला. "ओटी आहे."

सवाष्ण बाईने ओटीला नाही म्हणू नये, हे सरपंचीणबाईंना आईने शिकवलेलं. त्यांनी डोळे मिटून पदर पसरला. दौलतने दोन भाकऱ्या घातल्या. मग कांदा घातला. मग ठेचा. मग पिठलं ओतलं, सावकाश, पाच वेळा, ओटीत धान्य घालतात तसं. आणि वर खण ठेवून नमस्कार केला.

"काय बोलावं ते सुचंना मला," सरपंचीणबाई नंतर सगळ्या गावाला सांगत होत्या. "टाकून देता येईना, देवाचं म्हणून. देवळाच्या पायरीवर बसून खाल्लं सगळं. ठेचा चांगला हुता, पर."

आबा संध्याकाळी घरी आले ते बांधाला धरत धरत.

आईने यानंतर त्याला काही सांगायचंच सोडलं. पण सर शिकवायचे थांबले नव्हते. "सर," दौलतने विचारलं, "गाठोड्यात काहीच नसेल तर?"

"शाब्बास!" सर खुर्चीतून उठले. असा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "रिकामी यादी! ती दोन्ही फंक्शनांना सारखीच बसते. आणि दोन्हीकडे सारखंच बसत असलं, तर कंपायलर अंदाज करत नाही. कधीच नाही. तो जागच्या जागी थांबतो आणि ओरडतो, घोळ आहे! जोवर कुणी स्पष्ट सांगत नाही, तोवर तो इंचभर हलत नाही."

त्या दिवशी आई घाईत होती, म्हणून चुकून बोलून गेली, "एवढा डबा काकूंना परत देऊन ये." कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये, म्हणून तिने आत चिमूटभर साखर घातली होती. ती दौलतने वाटेत खाल्ली. साखर खाऊ नको असं कुणी सांगितलं नव्हतं.

अंगणाच्या मधोमध येऊन त्याने डबा उघडला. रिकामा. थोरल्या काकूंना बसतो. धाकट्या काकूंना, त्या माहेरी असल्या तरी त्यांच्या घराला, तेवढाच बसतो. दौलतने खोल श्वास घेतला.

"घोळ आहे!"

थोरल्या काकू बाहेर आल्या. धाकट्या काकूंच्या घरातून दोघींच्या सासूबाई बाहेर आल्या; त्या धाकटीकडे राहायच्या.

"घोळ आहे!"

"डबा आमचा हाय, आण इकडं," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा कसला? माझ्या माहेरचा हाय त्यो!" थोरल्या काकू म्हणाल्या. अबोला अबोल्याच्या जागी राहिला आणि दोघींचं भांडण जुंपलं. दौलत मध्ये डबा डोक्यावर धरून ओरडत होता. बोळ भरला. चरायला गेलेल्या म्हशी परत आल्या त्या तिथेच अडकल्या. उसाचा ट्रॅक्टर अडकला. त्याच्यामागे एसटी अडकली, आणि एसटीच्या मागे अडकलेल्या मोटारसायकलवरून केरूनाना खिलारे उतरले. ते लग्नाची खरेदी ठरवायला आले होते.

"ह्यो कोण वरडतुया?" त्यांनी विचारलं.

"तुमचे जावई," कुणीतरी सांगितलं.

आई धावत आली आणि तिने दौलतच्या हातातला डबा हिसकावला. "आरं खुळ्या! दोनी सारखंच असलं तर गप कुठलं बी एक धरावं आन् मोकळं व्हावं. एवढं सुदिक कळंना व्हय रं?"

"दोन्ही सारखं असलं तर कुठलंही एक धरायचं," दौलत म्हणाला. "आणि मोकळं व्हायचं. कळलं."

 केरूनाना मिशी चावत उभे राहिले, आणि ते चांगलं लक्षण नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात वैजयंताच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचं बारसं होतं. होणारे सोयरे म्हणून दौलत आणि त्याची आई पिंपळदऱ्याला गेली. पाळणा सजला, घुगऱ्यांचा वास सुटला, बायका जमल्या. आत्या नाव ठेवायला सरसावून बसली. बाळ आतल्या खोलीत झोपलेलं होतं. सगळ्यांचे हात कामात होते. "दौलतराव," बाळाची आई म्हणाली, "आतलं बाळ जरा आणता का?"

दौलत आत गेला. आत दोन बाळं होती. दोन्ही दुपट्यात गुंडाळलेली, फक्त नाकं बाहेर, अगदी गाठोडी. एक घरचं, एक बारशाला आलेल्या पाहुणीचं. दौलतच्या तोंडात "घोळ" आलंच होतं. पण आईचं शिकवणं ताजं होतं. दोन्ही सारखं, तर कुठलंही. उघडून बघायचीही गरज नाही. त्याने जवळचं उचललं आणि तो मोकळा झाला.

बाळ पाळण्यात गेलं. आत्याने कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, "स्वरांजली!" बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. त्या गडबडीत दुपटं सुटलं, आणि स्वरांजलीने असं एक कारंजं उडवलं की ते थेट आत्याच्या नथीवर गेलं.

आत्या पदराने नथ पुसू लागली. मग कोपऱ्यातून पाहुणी किंचाळली, "अगंबाई, हा तर माझा रणजीत!"

केरूनाना उठले. त्यांचा आवाज शांत होता, आणि त्याचीच दौलतच्या आईला जास्त भीती वाटली. "ईहीणबाई, पत्रिका छापल्यात म्हणून गप बसतू. पर आता यकदा, फकस्त यकदा घोळ झाला, तर लगीन मोडलं म्हणून समजा. मांडवातनं माघारी धाडीन."

दौलत परसात जाऊन लिंबाखाली बसला. त्याला रडू येत होतं. त्याने सगळ्यांचं ऐकलं होतं, एकाचंही मोडलं नव्हतं, आणि तरीही वैजयंता हातची जाणार होती. असं कसं होतं, ते त्याला कळेना.

तेवढ्यात वैजयंता तिथे आली. तिचे डोळे ओले होते. पण ते हसून हसून.

"उठा," ती म्हणाली. "तुमचं काही चुकत नाही. तुम्हाला सांगणारी माणसं फार झालीत. आई एक सांगते, सर दुसरंच सांगतात. आता लग्नात कुणाचं ऐकायचं नाही. भटजींचं नाही, माझ्या बाबांचं नाही, कुणाचं नाही. मी सांगेन तेच करायचं. शब्दाला शब्द."

"आणि तुम्ही काही बोललाच नाहीत तर?"

"तर हलायचं नाही."

दौलतला एकदम हलकं वाटलं. एकच सांगणारी, एकच ऐकणारा. कंपायलरचंसुद्धा एवढं नशीब नसतं.

लग्नाचा दिवस उजाडला. दौलत फेटा बांधून, मुंडावळ्या लावून बोहल्यावर उभा राहिला आणि जराही हलला नाही. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टका झाल्या. पिंपळदऱ्याची रीत अशी, की आधी नवऱ्याने हार घालायचा आणि मग नवरीने. आणि दुसरी रीत अशी, की नवरीने मांडवात तोंड उघडायचं नाही. ही दुसरी रीत गडबडीत वैजयंताच्या ध्यानात आली नव्हती.

अंतरपाट निघाला. "नवरदेव," भटजी म्हणाले, "खिलाऱ्यांच्या कन्येला हार घाला."

दौलतने समोर बघितलं. समोर वैजयंता खाली मान घालून उभी. तिच्या मागे करवली म्हणून तिची धाकटी बहीण, तीही नटलेली, हातात कऱ्हा घेऊन. दोघीही खिलाऱ्यांच्या कन्या. पण त्याने ते मनावर घेतलं नाही. वैजयंता बोलली नव्हती, तेव्हा प्रश्नच नव्हता. तो उभा राहिला.

"हार घाला!" भटजी म्हणाले.

दौलत उभा.

"आरं घाल की रं हार!" आई म्हणाली. आबा म्हणाले. सरपंच म्हणाले. दात गेलेले थोरले काका काहीतरी म्हणाले, ते कुणाला कळलं नाही. आमंत्रण होतं म्हणून फुलसुंदर सरही आले होते. ते खुर्चीवर चढून ओरडले, "दौलत, अरे स्पष्ट सांगितलंय, आता कसला घोळ!" बँडवाले गाल फुगवून तयार होते. लोकांच्या मुठीत अक्षता घामाने भिजत होत्या. दौलत वैजयंताकडे बघत होता आणि हलत नव्हता.

वैजयंताने ओठ न हलवता कुजबुजून बघितलं, "घाला." पण शेजारी सनईवाला सूर लावत होता. दौलतपर्यंत काही पोचलं नाही.

"मुहूर्त टळतोय!" भटजी म्हणाले.

केरूनाना पुढे आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "म्या सांगितलं हुतं!" ते गरजले. "झाला न्हवं घोळ? सोडा मांडव! मोडलं लगीन!"

तेव्हा मात्र वैजयंताला राहवेना.  रीतभात गेली खड्ड्यात. तिने मान वर केली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, असे काय बघत उभे राहिलात? घाला नेऊन तो हार माझ्या बापाच्या गळ्यात!"

दौलतचा चेहरा उजळला. किती स्वच्छ सांगितलं! काकू दोन असतात, कन्या दोन असतात, बाळं दोन असतात. बाप एकच असतो. कुठेही घोळ नाही.

तो ताडताड तीन पावलं चालला आणि त्याने हार केरूनानांच्या गळ्यात घातला.

हार पडला की वाजवायचं, एवढं बँडवाल्यांना ठाऊक होतं. त्यांनी दणकून वाजवलं. बँड वाजला की टाकायच्या, एवढं लोकांना ठाऊक होतं. अक्षतांचा पाऊस पडला. केरूनाना गळ्यात हार, मिशीत तांदूळ, आ वासलेला, तसेच उभे राहिले.

आणि दौलतने पुढची रीत चुकवली नाही. त्याने त्यांच्यासमोर नम्रपणे मान खाली घातली, डोळे मिटले आणि हळूच म्हणाला, "चला मामा, आता तुमची पाळी. मुहूर्त टळतोय."

केरूनाना मिशीतले तांदूळ झटकू लागले. वैजयंता मात्र हसत हसत, तोल सावरत, धाकट्या बहिणीच्या खांद्याला धरत पुढे आली, आणि तिने आपल्या हातातला हार त्या वाकलेल्या मानेत टाकला. झालं. लागलं लग्न. भटजींनी घाईघाईने हात जोडले.

गळ्याला फुलं लागली तसं दौलतला भरून आलं. त्याने डोळे उघडले नाहीत. वाकूनच, कापऱ्या आवाजात, अगदी काळजापासून तो म्हणाला, "मामा, जन्मभर सुखात ठेवीन तुम्हाला!"